वेल्लोरच्या डॉक्टरीणबाई : आयडा स्कडर

बेळगावकडच्या, गोव्याच्या किंवा हैदराबादच्या आमच्या मंडळ्यांत वेल्लोरचे नाव ठाऊक नाही असे घर शोधून काढावे लागेल. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनीही मान हलवली, की घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस वेल्लोरचे नाव काढते. मग पैशांची जुळवाजुळव होते, पाळकसाहेबांची चिठ्ठी घेतली जाते, आणि दुखणाईत माणसाला घेऊन दोघेतिघे गाडीत बसतात. तेथे पोचल्यावर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे भेटतात. हे एवढे मोठे इस्पितळ आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय ज्या बाईने उभे केले, तिचे चरित्र आमच्या शब्बाथशाळांतून सांगितले जाते खरे, पण बहुधा एका रात्रीच्या गोष्टीपाशीच थांबते. तीन पुरुष दार ठोठावतात, तीन बायका मरतात, मुलगी डॉक्टर होण्याचे ठरवते, आणि घंटा वाजते. त्यापुढची साठ वर्षे वाचकांपुढे ठेवावीत म्हणून हा लेख.

या हकिकतीचा एक धागा आमच्या मुंबईत सुरू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकन मराठी मिशनचे आद्य मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले. सॅम्युएल न्यूएल त्यांच्या पाठोपाठ आले. या दोघांनी मिळून जगातील कोट्यवधी लोकांच्या गरजेविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले व ते अमेरिकेत छापले गेले. न्यूयॉर्कमध्ये जॉन स्कडर नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांची वैद्यकी उत्तम चालली होती. एका रोगी बाईला पाहायला ते गेले असता तिच्या घरी हे पुस्तक त्यांच्या हाती पडले. ते त्यांनी वाचले, आणि १८१९ साली चालती वैद्यकी सोडून बायकोमुलासह ते सिलोनला निघाले. पुढे ते मद्रास इलाख्यात आले. त्यांचे सातही मुलगे हिंदुस्थानात मिशनरी झाले. हॉलसाहेब १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले, न्यूएलसाहेब त्याच्याही आधी गेले. त्या चोपड्याने काय काय केले ते त्यांना पाहायला मिळाले नाही. त्या जॉन स्कडरांची नात म्हणजे आयडा.

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे झाला. तिचे वडीलही डॉक्टर, त्यांचेही नाव जॉन. आईचे नाव सोफिया. भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती मुलगी. ती सहासात वर्षांची असताना दक्षिणेत १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. तोच दुष्काळ आमच्या दख्खनमध्येही पडला होता. सोलापूर, विजापूरकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी त्याच्या गोष्टी पुष्कळ वर्षे होत्या. मिशनच्या बंगल्यापुढे भुकेली मुले ओळीने बसत. स्वतःच्या हाताने घास तोंडात घालण्याचेही त्राण ज्यांच्यात उरले नव्हते, अशांना भाकरीचे तुकडे भरवण्याचे काम या लहान मुलीकडे आले. तिच्या मनावर त्याचा जो परिणाम झाला तो आपल्याला वाटेल त्याच्या उलट होता. हा देश आपल्याला नको, असे तिने ठरवून टाकले.

पुढे कुटुंब अमेरिकेस गेले. काही वर्षांनी वडील परत आले, त्यांच्यामागून आईही आली, आणि आयडा शिकागोला नातलगांकडे राहिली. मिशनरी आईबापांच्या मुलांचे हे दुःख फारसे कोणी लिहीत नाही. आईबाप दूरच्या लोकांसाठी सर्वस्व देतात, पण त्या सर्वस्वात मुलांचे बालपणही असते, आणि ते द्यावे की न द्यावे हे मुलांना कोणी विचारलेले नसते. आयडाने त्या दिवसांत किती अश्रू गाळले हे तिने पुढे स्वतःच सांगितले आहे. मग ती मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे, सुप्रसिद्ध सुवार्तिक मूडी यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत गेली. हसरी, खेळकर, खोडकर अशी तिची ख्याती होती. स्कडर घराण्यातली म्हणून तीही मिशनरी होणार असे लोक गृहीत धरीत, आणि तिला त्याचा राग येई. अमेरिकेत राहावे, चांगले घर करावे, एवढीच तिची इच्छा होती.

१८९० साली आई आजारी असल्याचे कळले म्हणून ती हिंदुस्थानात आली, ती थोड्या दिवसांसाठी. आईवडील तेव्हा तिंडीवनम येथे होते. तेथेच ती प्रसिद्ध रात्र आली.

रात्री ती एकटी दिवा लावून बसली असता व्हरांड्यात पावले वाजली. एक ब्राह्मण गृहस्थ आले होते. त्यांची बायको, जवळजवळ मूलच म्हणावे अशी, बाळंतपणात अडली होती. सुईणींनी हात टेकले होते. अमेरिकेहून आलेल्या या बाईने येऊन पाहावे अशी त्यांची विनंती. आयडाने सांगितले की आपल्याला यातले काही येत नाही, डॉक्टर आपले वडील आहेत, त्यांना घेऊन चला, मीही मदतीला येते. गृहस्थ मागे सरले. परपुरुषाने घरातल्या बाईला पाहणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. ते गेले. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ आले. तीच अडचण, तेच उत्तर. मग तिसरे, उच्च जातीचे हिंदू. तेही तसेच परतले. सकाळी गावातून प्रेतयात्रेचे ढोल ऐकू आले. नोकराकडून चौकशी केली तेव्हा कळले की तिन्ही बायका रात्रीत गेल्या.

शब्बाथशाळेत ही गोष्ट सांगताना शिक्षक बहुधा बाळ शमुवेलाची आठवण देतात, आणि तीन हाकांवर भर देतात. उपमा चांगली आहे, परंतु आमच्या मते भर तीन मरणांवर असावा. शमुवेलाला हाक आली त्या रात्री मंदिरात कोणी मरत नव्हते. येथे हाक समजेपर्यंत तिघींची वेळ संपली होती. दुसरी एक गोष्ट अशी, की ते तीन पुरुष निर्दय नव्हते. निर्दय असते तर अंधारात परक्यांच्या दारी आलेच नसते. बायकोवर त्यांचे प्रेम होते, तीन वेगवेगळ्या समाजांतले ते होते, आणि तिघांनाही एकच रूढी आडवी आली. घरात डॉक्टर होता, औषधे होती, ज्ञान होते. ते पुरुषाच्या हाती होते एवढीच अडचण. आयडाच्या ध्यानात आले ते हे. त्या सकाळी तिने आईवडिलांना सांगितले की आपण अमेरिकेला जाऊन डॉक्टर होणार आणि परत येणार.

१८९५ साली ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. हे नाव मराठी वाचकांना परके नाही. आमच्या आनंदीबाई जोशी याच महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या, आणि परत येताच पुढल्या वर्षी पुण्यात क्षयाने वारल्या. आयडा तेथे पोचली तेव्हा त्याला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने स्त्रियांना प्रवेश दिला तेव्हा आयडा तिकडे गेली आणि १८९९ साली पदवी घेऊन बाहेर पडली.

निघण्यापूर्वी मिशनच्या मंडळाने एक काम सांगितले होते : वेल्लोरला बायकांचे इस्पितळ बांधायचे आहे, त्यासाठी आठ हजार डॉलर जमवून आणावेत. दिवस थोडे, ओळखी थोड्या. एका घरी एका वृद्ध बाईंशी आयडाबाई या कामाविषयी बोलत बसल्या होत्या. शेजारच्या खोलीत त्या बाईंचे मेहुणे, शेल नावाचे सावकारी पेढीचे मालक, बसले होते. त्यांच्या कानी हे सारे पडले. आपल्या दिवंगत पत्नीच्या नावे त्यांनी दहा हजार डॉलर दिले. देवाचे काम कधी कधी पातळ भिंतीनेही होते, असे आम्हाला ही हकिकत वाचताना वाटले.

१९०० च्या आरंभी आयडाबाई आपली मैत्रीण ॲनी हँकॉक हिच्यासह वेल्लोरला आल्या. काही वर्षे वडिलांच्या हाताखाली काम करून अनुभव घ्यावा असा बेत होता. मे महिन्यात वडील कर्करोगाने वारले. पदवी हाती, अनुभव नाही, आणि सल्ला विचारायला घरात डॉक्टर नाही. बंगल्यातल्या एका लहान खोलीत त्यांनी दवाखाना मांडला. कोणी येईना. ज्यांचा चांगला डॉक्टर म्हणून विश्वास होता ते तर गेले. ही कोण पोरगी? पहिले बोलावणे आले ते एका मरणासन्न बाईकडे, आणि ती बाई वाचली नाही. त्या दिवसांत त्यांचे धैर्य कसे टिकले हे सांगणे कठीण आहे. आई सोबत होती, हे एक. दुसरे म्हणजे सलोमी नावाची त्यांच्या घरची एक बाई. तिला ना शिक्षण, ना इंग्रजी. पण हात स्थिर होता आणि रोग्याला धीर देण्याची हातोटी होती. आयडाबाईंनी तिलाच हाताशी धरून जखमा बांधायला, औषधे द्यायला शिकवले. पुढे ज्या शाळेची कीर्ती झाली तिची पहिली विद्यार्थिनी कोण असा कोणी प्रश्न केला, तर आम्ही सलोमीचे नाव घेऊ.

हळूहळू लोक येऊ लागले. पहिल्या दोन वर्षांत त्या खोलीतून सुमारे पाच हजार रोगी पाहिले गेले. १९०२ साली चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल इस्पितळ उघडले. ती वास्तू आजही वेल्लोरात आहे व तेथे डोळ्यांचे इस्पितळ चालते.

इस्पितळ झाले तरी खेड्यातली बाई तेथवर येणार कशी? ज्या घरातून व्हरांड्यापर्यंत परका पुरुष चालत नाही, त्या घरातली सून वीस मैल बैलगाडीत बसून शहरात येईल ही आशा व्यर्थ होती. तेव्हा आयडाबाईंनीच रस्ता धरला. वेल्लोरपासून गुडियात्तमपर्यंत आठवड्यातून एक दिवस त्या जात. आरंभी बैलगाडी, मग १९०९ साली एका सिलिंडरची फ्रेंच बनावटीची प्यूजो मोटार आली. खेडुतांनी असली वस्तू पूर्वी पाहिली नव्हती. सैतान आला असे समजून लोक शेतातून पळाले. पण महिनाभरात तेच लोक झाडाखाली वाट पाहत बसू लागले. चिंचेच्या किंवा वडाच्या सावलीत गाडी थांबायची, पेटी उघडायची, गळवे फोडायची, डोळे धुवायचे, दात काढायचे, पोरांची खरूज बघायची, मग पुढचे झाड. जातीप्रमाणे वेगळ्या रांगा तेथे नव्हत्या. झाड एकच, सावली एकच. लोक आरंभी अवघडले, मग सरावले. झाडाखालचा हा दवाखाना हीच वेल्लोरच्या पुढल्या साऱ्या सार्वजनिक आरोग्यकार्याची पहिली शाळा. रोगी इस्पितळात येतो तेव्हा त्याचा रोग दिसतो. त्याच्या दारी गेले म्हणजे त्याची विहीर दिसते, गटार दिसते, गोठा दिसतो, आणि रोग का होतो ते कळते. आजही वेल्लोरच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या आरंभीच खेड्यात राहायला पाठवतात, घरोघर जाऊन माणसे, पाणी, अन्न यांची पाहणी करायला लावतात.

या फेऱ्यांतून दुसरीही गोष्ट स्पष्ट झाली. एका बाईने, तिला चार हात असते तरी, हे काम संपणारे नव्हते. १९०९ साली परिचारिकांची शाळा सुरू झाली. डेलिया हॉटन या बाई त्यासाठी अमेरिकेहून आल्या. त्या काळी चांगल्या घरच्या मुली परिचारिकेच्या कामाकडे तुच्छतेने पाहत. ती हलकी चाकरी समजली जाई, विधवा किंवा निराधार बायकांनी पत्करावी अशी. आमच्या मंडळ्यांतील ज्या शेकडो मुलींनी हा व्यवसाय करून भावंडे शिकवली व घरे उभी केली, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

डॉक्टर घडवण्याचा विचारही याच सुमारास पक्का झाला. आमच्याकडे मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९७ सालीच वैद्यकीय शाळा काढून ख्रिस्ती तरुणांना शिकवण्यास आरंभ केला होता. बायकांसाठी दक्षिणेत असे काही नव्हते. आयडाबाई मद्रासेत सरकारच्या वैद्यकखात्याच्या प्रमुखाकडे परवानगी मागायला गेल्या, तेव्हा त्या अधिकाऱ्याने तीन तरी अर्ज येतील का अशी शंका काढली आणि सहा मुली मिळाल्या तर सुरू करा असे सांगितले. अर्ज आले ते इतके, की नाकारावे कोणाला हीच पंचाईत झाली. १२ ऑगस्ट १९१८ रोजी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते शाळेचे उद्‌घाटन झाले. इमारत भाड्याची. सामग्री म्हणजे एक सांगाडा, एक सूक्ष्मदर्शक आणि थोडी पुस्तके. महायुद्ध चालू असल्याने शिक्षक मिळत नव्हते. शरीररचनेचा विषय आयडाबाई रात्री वाचीत आणि सकाळी शिकवीत.

पुरुषांच्या शाळांतले बहुसंख्य विद्यार्थी त्या वर्षीच्या सरकारी परीक्षेत नापास झाले. वेल्लोरच्या चौदाही मुली उत्तीर्ण झाल्या. १९२२ साली पहिली तुकडी बाहेर पडली. आमच्या मंडळ्यांतून आजही मुलीच्या शिक्षणावर खर्च करताना हात आखडणारे आईबाप आहेत, म्हणून हा निकाल मुद्दाम नोंदवला.

पुढच्या पंधरा वर्षांचा इतिहास इमारतींचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील ख्रिस्ती बायकांनी लूसी पीबडी यांच्या पुढाकाराने पूर्वेकडील सात महिला महाविद्यालयांसाठी मोठा निधी उभारला. रॉकफेलर निधीतून त्याला जोड मिळाली. वेल्लोर गावात मोठे इस्पितळ झाले, आणि गावाबाहेर बागायम येथे सुमारे दोनशे एकरांच्या आवारात महाविद्यालय १९३२ साली राहायला गेले. महाविद्यालयाचे ब्रीदवाक्य मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातून घेतले आहे. वाचकांनी ते स्वतः काढून पाहावे. आयडाबाई सुखाच्या दिवसांतही स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. टेनिस त्या जोमाने खेळत. साठी उलटल्यावर एका स्पर्धेत समोर आलेल्या तरुण मुलीने आजीबाईंशी खेळावे लागते म्हणून नाक मुरडले, आणि आजीबाईंनी तिला एकही गेम मिळू दिला नाही, अशी गोष्ट सांगतात.

मग १९३७ साल उजाडले. मद्रास इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, आणि वैद्यकीय शिक्षण एकाच दर्जाचे असावे असे त्याने ठरवले. वेल्लोरची शाळा पदविका देत असे. यापुढे पदविका बंद. विद्यापीठाची पदवी द्यायची तर विद्यापीठाच्या अटींप्रमाणे प्राध्यापक, प्रयोगशाळा, खाटा सारे हवे. नसेल तर नवे विद्यार्थी घेऊ नयेत. सरकारचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर आणि शहरातल्याला पुरा शिकलेला, हा भेद कोणालाही बोचावा असाच होता. पण वेल्लोरपुढे मरणाचा प्रश्न उभा राहिला. आयडाबाईंचे वय तेव्हा सदुसष्ट. त्या वयात बहुतेक मिशनरी मायदेशी परतून नातवंडांना गोष्टी सांगत बसतात.

१९४१ साली, युद्ध पेटलेले असताना, त्या पैसे उभे करण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि गावोगाव बोलत फिरल्या. बाहेरचा विरोध त्यांना ठाऊक होता; यावेळी विरोध घरातून झाला. पदवीचे महाविद्यालय चालवायचे तर खर्च इतका मोठा, की सर्व मिशनांनी मिळून एकच संस्था चालवावी, आणि ती मुलगे व मुली दोघांसाठी असावी, असा विचार पुढे आला. पुरुषांच्या कामाला मदत करणाऱ्या संस्था याच अटीवर पैसा द्यायला तयार होत्या. लूसी पीबडी यांनी याला कडाडून विरोध केला. वेल्लोरची एकेक वीट बायकांनी बायकांसाठी दिलेल्या पैशातून चढली होती. खेड्यापाड्यांतल्या बायांनी पै-पैसा साठवून दिला तो पुरुषांना डॉक्टर करण्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. समितीत दुफळी माजली. जिच्या श्रमाने इमारती उभ्या राहिल्या ती जुनी मैत्रीण एका बाजूला, आणि संस्थेचे जगणे दुसऱ्या बाजूला.

या वादात कोण चुकले हे ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. पीबडीबाई वचनाला धरून होत्या, आणि वचन पाळणे ही लहान गोष्ट नव्हे. आयडाबाईही पुष्कळ दिवस दोलायमान होत्या. त्यांच्या आयुष्याचा आरंभच या प्रश्नातून झाला होता, की बाईला बाईच डॉक्टर हवी. परंतु पन्नास वर्षांत एक गोष्ट बदलली होती. ज्या गावांत पुरुष डॉक्टरला दार बंद होते, तेथे ते आता उघडू लागले होते, आणि ते उघडण्यात त्यांचा स्वतःचाच हात होता. शेवटी त्यांनी सहशिक्षणाच्या बाजूने कौल दिला. मैत्री दुरावली ती दुरावलीच. चरित्रलेखक हा भाग चटकन उरकतात. आम्हाला तो तिंडीवनमच्या रात्रीपेक्षा कठीण वाटतो, कारण त्या रात्री तरुण मुलीला स्वतःचे सुख सोडायचे होते, आणि येथे म्हाताऱ्या बाईला स्वतःचीच कल्पना.

१९४२ साली विद्यापीठाने तात्पुरती मान्यता दिली. १९४७ साली पहिले मुलगे आले. १९५० साली मान्यता कायम झाली. कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी प्राचार्य या नात्याने प्राध्यापक मिळवण्यासाठी जिवाचे रान केले, हेही सांगितले पाहिजे. १९४६ साली आयडाबाईंनी काम खाली ठेवले. त्यानंतर थोड्याच काळात विशाखापट्टणच्या डॉ. हिल्डा लाझरस या संस्थेच्या पहिल्या भारतीय संचालिका झाल्या. त्याच १९४६ साली परिचारिकांचा पदवी अभ्यासक्रमही सुरू झाला. देशात असे अभ्यासक्रम त्या वर्षी दोनच ठिकाणी निघाले, दिल्लीस व वेल्लोरला.

विद्यापीठाच्या अटींमुळे जे प्राध्यापक व प्रयोगशाळा आल्या, त्यांनी वेल्लोरला संशोधनाची सवय लावली. सरकारचा जो हुकूम मरणाचा वाटला तोच असा उपयोगी पडला. कॉक्रेनसाहेबांच्या बोलावण्यावरून शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ च्या अखेरीस आले. महारोग्यांची बोटे झडतात ती मांस सडल्यामुळे, अशी तोवर सर्वांची समजूत होती. ब्रँडसाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका जखमेचा माग काढला. रोगाने मज्जातंतू मरतात, संवेदना जाते, मग माणूस तापलेले भांडे हातात धरतो, खिळा पायात घुसला तरी चालत राहतो, आणि जखमेवर जखम होऊन बोटे जातात. काही जणांची बोटे रात्रीत नाहीशी होत, तेव्हा पहारा ठेवला; झोपेत उंदीर कुरतडतात आणि रोग्याला कळतही नाही असे आढळले. मग घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. वाकड्या बोटांचे स्नायुबंध दुसरीकडून आणून जोडण्याच्या शस्त्रक्रिया १९४८ पासून सुरू झाल्या, आणि मऊ रबराच्या वहाणा तयार झाल्या. ज्यांना शुभवर्तमानातील कुष्ठरोग्यांच्या कथा मुलांना शिकवायच्या असतात, त्यांनी ही माहिती जवळ ठेवावी; हा रोग आज औषधाने पुरा बरा होतो हेही सांगावे.

त्याच संस्थेतील तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे पंगूंच्या पुनर्वसनाचा विभाग उभा केला.

नंतरच्या काळातील दोन गोष्टी मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याच्या आहेत. १९८६ साली मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांनी काही दुर्दैवी स्त्रियांच्या रक्ताचे नमुने घेतले. ते वेल्लोरच्या प्रयोगशाळेत डॉ. जेकब जॉन यांच्याकडे तपासले गेले, आणि एड्‌सचा विषाणू भारतात आल्याचे प्रथमच सिद्ध झाले. दुसरी गोष्ट लहान मुलांच्या हगवणीच्या लसीची. रोटाव्हायरसवरील भारतीय बनावटीच्या लसीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे व वेल्लोर या तीन ठिकाणी ६७९९ बाळांवर झाली, आणि २०१६ साली ती सरकारी लसीकरणात आली. ती चाचणी खेड्यांतून व गरीब वस्त्यांतून झाली, आणि वेल्लोरच्या बाजूने ती डॉ. गगनदीप कांग यांच्या देखरेखीखाली होती. अंगणात बसून बाळाच्या आईशी बोलणे ज्यांना येत होते त्यांनाच ते काम जमण्यासारखे होते.

आयडाबाईंनी आपली अखेरची वर्षे कोडाइकनालच्या टेकडीवर, आपल्या घरात व गुलाबांच्या बागेत काढली. नुसते आयडा आणि देशाचे नाव घातलेले पत्रही त्यांना पोचत असे असे सांगतात. मे १९६० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. त्यांना वेल्लोरला आणले गेले, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सर्व धर्मांची माणसे उभी राहिली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ साली, वेल्लोरहून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्यांत रजनीकांत आरोळे हे आमच्या नगर जिल्ह्यातले तरुण होते, आणि मेबल ही त्यांची सहाध्यायी. दोघांनी लग्न केले ते खेड्यातल्या गरिबांसाठी काम करण्याचे ठरवूनच. १९७० साली त्यांनी जामखेडला प्रकल्प सुरू केला. डॉक्टर नेमून खेडी बरी होत नाहीत हे त्यांनी लवकरच पाहिले, आणि गावोगावच्या बायका निवडल्या. पुष्कळजणी निरक्षर, पुष्कळजणी दलित वस्तीतल्या. त्यांना आठवड्यातून जामखेडला बोलावून पाणी उकळणे, मुलांची वजने घेणे, क्षय व कुष्ठरोग ओळखणे, आणि बाळंतपण करणे शिकवले. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टरसाहेब २०११ साली. त्यांनी तयार केलेल्या सेविकांना रात्री कोणी दार ठोठावले तर त्या कंदील घेऊन निघत, आणि दार ठोठावणारा कोणत्या जातीचा हे विचारीत नसत.